शाळेच्या बँडच्या केसेस एप्रिलमध्येच दुरुस्तीला द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा ऑगस्टला आठ-दहा दिवस उरले की शाळांच्या बँडची वाद्ये ज्यांत ठेवतात त्या केसेस दुरुस्तीला येऊ लागतात. ट्रम्पेटच्या, क्लॅरिनेटच्या, युफोनियमच्या, एखाद्या शाळेच्या सॅक्सोफोनच्या. कोणाच्या झाकणाचा खटका तुटला म्हणून सुतळीने आवळलेली, कोणाच्या हँडलच्या जागी विजेच्या वायरचा तुकडा वळलेला, कोणाची मखमल सुटून लोंबणारी. निरोप ठरलेला असतो : परवापर्यंत द्या. परवापर्यंत काम होतेही, पण ते टिकत नाही, आणि का टिकत नाही हे शाळांना कोणी नीट समजावून सांगत नाही. बँड शिकवणारे शिक्षक, वाद्यांची खोली सांभाळणारे कर्मचारी आणि खरेदीवर सही करणारे मुख्याध्यापक, या तिघांसाठी हे पत्र आहे.

(‘पेटी’ हा शब्द वापरायला आवडले असते. पण पेटी म्हटले की आपल्याकडे हार्मोनियमच डोळ्यांपुढे येते. बँडवाले केस म्हणतात, म्हणून इथेही केस.)

ऑगस्टमधली पहिली अडचण हवेची. मखमल, फोम, रेक्झिन हे सगळे रबरी जातीच्या चिकटवणीने बसवतात; बाजारात ती फेविकॉल एसआर किंवा नुसती ‘सोल्युशन’ म्हणून मिळते. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा, दहा-पंधरा मिनिटे सुकू द्यायचा आणि बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचे. दमट हवेत त्यातला द्रव उडून जाताना थर गार पडतो, त्यावर हवेतले बाष्प बसते आणि दुधी साय धरते. वरून सुकल्यासारखे दिसते, मखमल चिकटल्यासारखीही वाटते, पण दिवाळीच्या आत तिचा कोपरा उचलतो. केस प्लायवूडची असेल तर लाकडानेही पाणी ओढलेले असते. जुन्या केसेसमध्ये सरस वापरलेला असतो, तो ओलाव्याने पुन्हा मऊ होतो आणि कोपऱ्याचे सांधे उघडतात. हेच काम एप्रिलच्या कोरड्या उन्हात केले तर वर्षानुवर्षे बघावे लागत नाही. पण एप्रिलमध्ये परीक्षा, मेमध्ये सुट्टी; बँडची खोली कुलपात आणि किल्ली ज्यांच्याकडे ते गावी गेलेले.

दुसरी गोष्ट, केसमध्ये वाद्य कसे बसते हे पाहिल्याशिवाय तिच्या दुरुस्तीला अर्थ नाही. ट्रम्पेट अर्धा मीटरभर लांब. त्याच्या भोंग्याचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पिस्टन (बोटाने दाबला की वरखाली होणारा दट्ट्या) आणि त्याची नळी यांच्यातली फट वहीच्या कागदाच्या जाडीहूनही कमी. असे वाद्य केसच्या तळाला टेकलेले नसते. तीन-चार ठोकळ्यांवर उचलून धरलेले असते आणि भोंग्याची कड कशालाही लागू नये अशी त्या ठोकळ्यांची मांडणी असते. मखमलीखाली झाकलेला असल्यामुळे एखादा ठोकळा सुटलेला कळत नाही. तो सुटला की ट्रम्पेट दोन बोटे सरकते, आणि बसच्या पायरीवर केस आपटली की धक्का ठोकळ्याऐवजी भोंग्याची कड किंवा पिस्टनची नळी घेते. शाळा पोचे काढायला वाद्य पाठवते, अडकलेला पिस्टन मोकळा करून घेते आणि ते वाद्य त्याच केसमध्ये परत ठेवते. सहा महिन्यांनी तोच पोचा, त्याच जागी. एकाच ठिकाणी दुसऱ्यांदा पोचा आला तर वाद्य बाजूला ठेवून केसमध्ये हात घालावा आणि प्रत्येक ठोकळा अंगठ्याने हलवून पाहावा.

याची तपासणी कोणालाही करता येते. वाद्य आत ठेवून केस बंद करावी, दोन्ही हातांनी धरून हळूच डावी-उजवी, मग पुढे-मागे हलवावी. काही ऐकू आले नाही तर ठीक. बारीक किणकिण झाली तर माउथपीस, म्हणजे तोंडाला लावायचा सुटा भाग, त्याच्या खोबणीतून सुटले आहे. ट्रम्पेटचे माउथपीस शंभर ग्रॅमच्या आसपासचे भरीव पितळ असते. ते केसमध्ये मोकळे फिरत असेल तर फुंकणीच्या नळीवर बारीक पोच्यांची रांगच उठते. खोबणीत फेल्टची पट्टी गोल चिकटवली की हे थांबते. जड ‘धप्’ आवाज आला तर मात्र वाद्यच हलते आहे. तो ठोकळा त्याच दिवशी पक्का करावा.

आता खटका. सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त त्रास यालाच.

हल्लीच्या बऱ्याच शालेय केसेस एबीएस प्लास्टिकच्या, अडीच-तीन मिलिमीटर जाड असतात. खटका दोन किंवा चार पॉप रिव्हेटवर (आतले टोक फुगवून आवळायच्या पोकळ खिळ्यांवर) बसवलेला असतो आणि पैसे वाचवायला आतून वायसर घातलेला नसतो. म्हणजे रिव्हेटचे फुगलेले टोक नुसत्या प्लास्टिकवर आवळलेले. आत वही, टोपी, पांढरे हातमोजे, तेलाची बाटली कोंबून झाकण गुडघ्याने दाबले की सगळा ताण त्या दोन टोकांवर येतो. भोक लांबट होते, खटका डुगडुगतो आणि एक दिवस रिव्हेटसकट हातात येतो. मोडते ती बहुतेक वेळा खटक्याची जागा. त्यामुळे ‘नुसता नवा खटका मारून द्या’ हे ऐकले की पुढचे सगळे दिसू लागते.

दुरुस्तीचा क्रम असा. आधी वाद्य केसमधून बाहेर काढावे. हे वेगळे सांगावे लागते, कारण शाळेतच ड्रिल चालवणारे ते आत तसेच ठेवतात. ॲल्युमिनियमचा कीस मखमलीत रुततो, तिथून तेलकट पिस्टनवर जातो आणि पिस्टनला कायमचा ओरखडा पडतो. मग जुना रिव्हेट. त्यावर थेट ड्रिल धरले की तो भोकातच गरगर फिरतो, घर्षणाने प्लास्टिक वितळते आणि ३.२ मि.मी.चे भोक ५ मि.मी.चे होऊन बसते. म्हणून पातळ पंचाने रिव्हेटच्या मधली तुटकी खिळी आधी आत ठोकून काढावी, आतले टोक पकडीने घट्ट धरावे आणि हळू वेगाने फक्त डोके उडवावे.

जुने भोक लांबट झालेले असल्यामुळे नवा रिव्हेट ३.२ ऐवजी ४ मि.मी.चा, ॲल्युमिनियमचा घ्यावा. लोखंडी रिव्हेट मजबूत म्हणून घेतात, पण तो इतका जोराने आवळतो की प्लास्टिकला भोकापासून तडा जातो. लांबीचा हिशेब सोपा आहे : भिंत ३, खटक्याचा पत्रा १, आतला वायसर १, मिळून ५ मि.मी. त्याला १० मि.मी. लांबीचा रिव्हेट बरोबर बसतो. आखूड घेतला तर आत पुरता फुगत नाही. फार लांब घेतला तर मोठी गाठ उरते आणि वाद्याला खरचटते. वायसर किमान १२ मि.मी. व्यासाचा. काम झाल्यावर गाठीवर फेल्टचा तुकडा चिकटवून मखमल पुन्हा ओढून घ्यावी.

खटक्याची जागा ठरवताना एक चूक सर्रास होते : केस उघडी ठेवून दोन्ही भाग मोजून-मापून बसवायचे आणि मग बंद करून पाहायचे. झाकण आतल्या फोमवर दाबून बसते, त्यामुळे उघडेपणी घेतलेले माप बंद झाल्यावर चुकतेच. वाद्य आत ठेवून केस बंद करावी, दोन पट्ट्यांनी आवळावी, खटका लावलेल्या स्थितीतच जागेवर धरून खूण करावी. मग वाद्य काढून एकच भोक पाडावे, एकच रिव्हेट लावावा, उघडझाप करून बघावी आणि जमले तरच बाकीची भोके पाडावीत. चारही भोके एकदम पाडणाऱ्याला दुसरी संधी मिळत नाही.

यातला सगळ्यात मोठा वैताग सुट्या भागांचा. पुण्यात बोहरी आळी किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीट पालथी घातली तर सूटकेसचे, दागिन्यांच्या पेट्यांचे, अवजारांच्या पेट्यांचे खटके मिळतात. तुमच्या ट्रम्पेटच्या केसचा हमखास मिळेलच असे नाही. जवळपास तसाच दिसणारा मिळतो, पण भोकांतले अंतर दोन-तीन मिलिमीटरने वेगळे असते. हा एवढासा फरक सगळ्यात वाईट. अंतर पुष्कळ वेगळे असेल तर नवी भोके शाबूत प्लास्टिकमध्ये पडतात. दोन मिलिमीटरच्या फरकात नवे भोक जुन्यातच घुसते आणि आठच्या आकड्यासारखी फट तयार होते. अशा वेळी आतून १.५ मि.मी. जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी, साधारण ६० बाय ३० मि.मी.ची, जुन्या-नव्या सगळ्या भोकांना झाकेल अशी लावून रिव्हेट तिच्यातून न्यावेत आणि रिव्हेटची लांबी तेवढ्याने वाढवावी. पट्टीच्या कडा कानशीने गोल केल्याच पाहिजेत. शाळेकडे वीस केसेस असतील तर एकेक खटका शोधत बसू नये. एकाच जातीचे सगळे, अधिक अर्धा डझन जास्त, असे एकदम घ्यावेत आणि जसजसा एक तुटेल तसतसे त्या केसचे दोन्ही बदलावेत. दोन-तीन वर्षांत सगळ्या केसेस एका मापाच्या होतात आणि पुढचे काम पाव वेळात होते.

डीजेवाल्यांच्या पेट्यांना असतात तसे फुलपाखरी खटके लावा, असाही आग्रह होतो. ते भिंतीत खोल बसतात आणि त्यांना ७ ते ९ मि.मी.चे प्लायवूड लागते. तीन मिलिमीटरच्या प्लास्टिकवर ते बसत नाहीत, आणि सातवीतल्या मुलाने उचलायच्या केसवर तेवढे वजन चढवूही नये.

हँडलचे थोडक्यात : वायर, सुतळी, नाड्या चालणार नाहीत. युफोनियमची केस वायरने धरून मुले मैदानापर्यंत जातात तेव्हा बोटांवर वळ उठतात आणि केस मध्येच टाकावी लागते. ५ मि.मी.चा बोल्ट, आत मोठा वायसर, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट. काम अर्ध्या तासाचे. साधा नट लावला तर चालण्याच्या हिसक्याने सैल होऊन केसमध्ये पडतो. बिजागऱ्या दोन्ही गेल्या असतील तर अखंड पियानो बिजागरी लावणे बरे.

ज्या केसेस हलक्या, कापडी आणि चेनच्या असतात त्यांच्या आत थर्मोकोल असतो, त्यावर मखमल. इथे शाळेत केलेली दुरुस्ती नुकसान वाढवते. मखमल सुटली म्हणून सोल्युशन लावले की थर्मोकोल डोळ्यांदेखत विरघळतो आणि ठोकळ्याच्या जागी खड्डा उरतो. थर्मोकोलला पांढरा, पाण्यात मिसळणारा फेविकॉलच लावायचा आणि वर वजन ठेवून रात्रभर सुकू द्यायचा. दबलेला थर्मोकोल पुन्हा फुगत नाही. तेवढा भाग चौकोनी कापून काढून त्यात एक्सएलपीई (घट्ट, सहज न दबणाऱ्या) फोमचा तुकडा बसवावा. फुगणारा स्प्रे फोम आत मारू नये, तो सुकताना जिकडे जागा मिळेल तिकडे ढकलतो आणि झाकणच बंद होत नाही. चेन उसवली तर आधी रनर बदलून पाहावा; झिजलेला रनर पकडीने दाबून चेन चालते, पण ती संचलनाच्या दिवशी दगा देते.

जुना पिवळा फोम चिकट झाला किंवा बोटाला पीठ लागावे तसा झडू लागला, तर तो पुसून, धुऊन सुधारणार नाही. दमट हवेने तो फोम आतून विघटित होतो. पूर्ण खरवडून काढावा लागतो, कारण त्याचे कण क्लॅरिनेटची छिद्रे झाकणाऱ्या पॅडवर आणि पिस्टनमध्ये जातात. किनारपट्टीवरच्या शाळांकडून येणाऱ्या केसेसमध्ये हे फार दिसते.

तडा गेलेल्या केसला फेविक्विक लावू नये. सांधा कडक आणि ठिसूळ होतो, पुढच्या हिसक्याला बाजूने नवा तडा जातो. आधी प्लास्टिक ओळखावे. कडेचा एक छिलका काढून पाण्यात टाकावा : तरंगला तर बहुधा पॉलिप्रोपिलीन, त्याला कोणतीच साधी चिकटवण धरत नाही, आतून पट्टी आणि रिव्हेट हाच उपाय. बुडाला आणि ॲसिटोनच्या थेंबाने चिकट झाला तर बहुधा एबीएस. मग तड्याच्या टोकाला ३ मि.मी.चे भोक पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लगदी भरावी आणि आतून एबीएसचीच चकती बसवावी. काम खिडक्या उघड्या ठेवून, आगीपासून दूर करावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन दिवस, वाद्य आत ठेवू नये. ॲसिटोनची वाफ वाद्यावरचे लॅकर (चकचकीत लेप) खराब करते. तसेच स्नानगृहातले, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन केसमध्ये कधीही वापरू नये. त्यातल्या आम्लाने पितळ हिरवे पडते. ताक पितळेच्या भांड्यात कळकते तसाच हा प्रकार.

बुरशीचेही असेच. पंधरा ऑगस्टचे संचलन पावसात होते, ओली वाद्ये तशीच केसमध्ये जातात आणि केस उघडते ती थेट सरावाला. मखमलीवर पांढरे ठिपके, घाणेरडा वास, पितळेवर हिरवा थर. त्या दिवशी संध्याकाळी वाद्ये पुसून, केसेस उघड्या ठेवून पंख्याखाली रात्र काढू दिली तरी यातले पुष्कळ टळते. बुरशी आलीच तर व्हॅक्यूमने ओढून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने फडक्याने पुसावी (आधी कोपऱ्यात रंग जातो का ते बघून) आणि केस कडक उन्हात उघडी ठेवावी. डांबरगोळ्या टाकू नयेत. जे वाद्य मुले तोंडाला लावतात त्याच्या शेजारी त्यांचे काम नाही.

एक साधी गोष्ट, जिच्यामुळे खूप वाद्ये पडतात : बऱ्याच केसेस वरून-खालून सारख्याच दिसतात. मूल केस उलटी ठेवते, खटके उघडते आणि वाद्य फरशीवर येते. झाकणावर पांढऱ्या रंगाने ‘वर’ असे लिहावे आणि तळाला चार रबरी पाय लावावेत. याला केस दुरुस्तीला पाठवावी लागत नाही.

आता खरेदीकडे येतो, कारण मूळ दुखणे तिथे आहे. दरपत्रकात ओळ असते : ‘ट्रम्पेट, केससह, नग १०’. ट्रम्पेटचा स्वर, पिस्टन, मुलामा यांची थोडीफार चौकशी होते. ‘केससह’ या शब्दाखाली काय मिळणार ते कोणी लिहीत नाही. सगळ्यात कमी दर देणारा सगळ्यात स्वस्त केस देतो. पुढे जडवस्तू संग्रह नोंदवहीतही (डेडस्टॉक रजिस्टर) तीच एक ओळ उतरते, त्यामुळे केस मोडली तरी तिचे स्वतंत्र निर्लेखन होत नाही, म्हणजे ती नोंदीतून वेगळी काढली जात नाही, आणि नवी मागायला आधार राहत नाही. केसची ओळ वेगळी असावी आणि तिच्यासमोर इतके तरी लिहावे : खटके आणि हँडल यांना आतून वायसर किंवा पट्टी, प्रत्येक दहा केसेसमागे चार खटके आणि दोन हँडले सुटी, माउथपीसला स्वतंत्र घट्ट खोबण, वही ठेवायला वाद्यापासून वेगळा कप्पा किंवा बाहेर खिसा. शेवटची अट क्लॅरिनेट, बासरी आणि सॅक्सोफोनसाठी फार महत्त्वाची. झाकणाखाली दबलेली एक वही चाव्यांच्या दांड्या वाकवते, पॅड नीट बसत नाहीत आणि मग मुलाला वाटते आपल्यालाच वाजवता येत नाही. सॅक्सोफोनचा एंड प्लग (केसमध्ये ठेवताना वरच्या टोकाला लावायचे बूच) हरवला असेल तर तोही मागवून घ्यावा. केसमध्ये वरच्या सप्तकाच्या चावीच्या पिनेला तोच राखतो.

माल ताब्यात घेताना वाद्य आणि केस यांना एकच क्रमांक द्यावा आणि तो दोन्हींवर घालावा. ठोकळे एका मापाच्या वाद्यासाठी कापलेले असतात. दुसऱ्या बनावटीचे ट्रम्पेट, एक सेंटिमीटर लांब असलेले, त्याच केसमध्ये दाबून बसवले की भोंगा भिंतीला टेकतो आणि खटक्यावर रोज ताण येतो. आमच्याकडे येणाऱ्या केसेसपैकी कितीतरी अशा अदलाबदलीनेच बिघडलेल्या असतात. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने होणाऱ्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेसाठी किंवा कुठल्याही दूरच्या प्रवासाला निघताना तर केस-वाद्य जुळणी यादी हातात घेऊनच तपासावी; रेल्वेच्या बाकाखाली रात्रभर हादरे बसतात.

काही केसेस दुरुस्त करू नयेत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. एबीएसची केस बिजागरीच्या रांगेत लांबच्या लांब फाटली असेल, प्लायवूडचे थर सुटून फुगले असतील किंवा थर्मोकोलचा साचाच दोन तुकडे झाला असेल, तर मजुरी घेऊन ती शाळेला परत देणे योग्य नाही. खटके, हँडल, बिजागरी काढून डब्यात ठेवावी आणि नवी केस घ्यावी.

वार्षिक परीक्षा सुरू होण्याआधीच्या एका शनिवारी सगळ्या केसेस सभागृहात मांडून, हलवून, उघडून पाहाव्यात. दोष चिठ्ठीवर लिहून ती हँडलला बांधावी आणि खोलीला कुलूप लागण्याआधी त्या दुरुस्तीला द्याव्यात. केससोबत तिचे वाद्यही पाठवावे. ते नसेल तर ठोकळ्यांची जागा ठरवता येत नाही.

आपले विश्वासू,
बँडच्या वाद्यांच्या केसेस दुरुस्त करणारे कारागीर,
पुणे